तिसऱ्या मजल्यावरची पाटी

बायकोलाही सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतोय — यावरूनच माझी हुशारी ओळखा.

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी होतो. कामं रखडवणं आणि पाट्या लिहिणं, यात माझा हात कुणी धरला नसता. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं बाहेरचं दार लिफ्ट आलेली नसतानाही उघडायचं. आता मेकॅनिक बोलवावा, की पाटी लिहावी? मी पाटी लिहिली — 'हे दार लिफ्ट नसतानाही उघडते. लिफ्ट आल्याची खात्री करूनच आत पाय टाकावा. येताना डोळे सोबत आणावेत.'

लोक हसले. मी खूश. पण वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "शेवटचं वाक्य जरा पडलंय हो." झालं! पाटी काढून घरी आणली. दोन दिवस त्या एका वाक्यासाठी — हो, वाक्यासाठी — कागद फाडत बसलो. दाराला तेवढे दिवस काही नव्हतं. साधी दोरीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी शंकरराव, आमचे इस्त्रीवाले, कपड्यांचं गाठोडं घेऊन त्या दारातून आत गेले. लिफ्ट पाचव्या मजल्यावर होती.

खाली आरडाओरडा चालला होता. आणि मी? घरात गेलो, जुनीच पाटी उचलली, जागेवर लावून आलो. स्क्रूसुद्धा सरळ बसले.

त्यांच्या पत्नीनं, सुमनताईंनी, सोसायटीवर नुकसानभरपाईचा दावा लावला. कोर्टात मला विचारलं, अपघाताच्या वेळी पाटी होती का? होती, म्हणालो. आमच्या वकिलांनी तेवढंच धरलं — इशारा दिलेला होता, मयताचाच निष्काळजीपणा. भरपाई मिळाली ती नावापुरती. शंकररावांची टपरी आता सुमनताई चालवतात.

खोटी साक्ष — एवढंच असतं, तर कदाचित पचवलंही असतं. पण निकालाच्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात त्या माझ्याजवळ आल्या. भांडायला नव्हे.

"साहेब, ह्यांना वाचता येत होतं हो. सकाळी पेपर वाचल्याशिवाय इस्त्री तापवायचे नाहीत. मग पाटी कशी नाही वाचली?"

जिन्यात आम्ही दोघंच होतो. ना वकील, ना न्यायाधीश. निकाल तर लागून गेलेला. तेव्हा तरी बोलायला काय हरकत होती?

"घाईत असतील," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "घाईच नडली म्हणायची," असं पुटपुटत पायऱ्या उतरून गेल्या. मला 'येते हं' म्हणायला विसरल्या नाहीत.

परवा टपरीवर कपडे द्यायला गेलो होतो. त्यांची लेक रस्ता ओलांडत होती. सुमनताई आतून ओरडल्या, "बघून जा गं! बाबासारखी घाई करू नकोस!"

मी शर्ट ठेवले आणि घरी आलो.