आवाज बसला

गाणं सुरू झालं की उस्ताद उठून स्पीकरमागच्या भिंतीला पालथा हात लावायचे. डोळे मिटायचे. भिंत फार थरथरत असेल तर स्पीकर चार बोटं पुढे ओढायचे आणि पुन्हा हात लावायचे. मग कधीतरी हात काढून म्हणायचे, "बसला आवाज, साहेब."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन आईला हळूच सांगितलं, "त्यांनी बिघडवला वाटतं." इंग्रजी शाळेतल्या माझ्या मराठीत आवाज बसला की हळद घातलेलं दूध प्यायचं असतं. आई हसली आणि तिने ते बाहेर जाऊन सांगितलं. बाबाही हसले. उस्ताद मात्र हसले नाहीत. म्हणाले, "पोरीचंबी बरोबर हाय. गळ्यातला बसला की गेला, खोलीतला बसला की आला."

मला राग आला. माझी बाजू घ्यायची होती तर बाबांनी घ्यायची.

कासारवाडीत स्टेशनच्या बाजूला उस्तादांचं टेप आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. बाबा नोकरीत असल्यापासून तिथे जायचे. चाकणच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या प्रेसशॉपमधून निवृत्त झाल्यावर बाबांनी इंटरनेटवरून गाणी वाजवणारा प्लेअर आणला. चपटा, काळा, जेवणाच्या डब्याएवढा. त्याला नेटवर्कला जोडायचं होतं, एवढंच काम. मी हिंजवडीच्या एका कंपनीत नेटवर्क इंजिनिअर आहे. माझ्या टीमबरोबर परदेशातली ऑफिसं नेटवर्कला जोडून देते. बाबांनी मला विचारलं नाही. चऱ्होलीला आमच्या फ्लॅटवर बोलावलं ते उस्तादांना. बाबा त्यांना उस्ताद म्हणायचे.

ते रविवारी सकाळी स्कूटरवरून आले. पायातल्या चपला दाराबाहेर, एकमेकींना चिकटवून सरळ. आल्या आल्या त्यांनी प्लेअरकडे पाहिलंच नाही. शोकेसच्या काचेवर ठेवलेले स्पीकर उतरवले. "काच गाते, साहेब. आपल्याला गाणाराचं ऐकायचंय." आईची लाकडी स्टुलं मागून घेतली. समोरच्या उघड्या भिंतीवर जाड पडदा लावायला सांगितला. मग मला म्हणाले, "बेटा, वायफाय बंद करा. तार टाकू."

मी म्हणाले, "चाचा, राउटर पंधरा फुटांवर आहे. वायफायने काही फरक पडत नाही."

"पडत नसंल. पण शेजारच्या मिक्सरनं गाणं अडकलं की साहेब उठून बघाय जातात. तारेवर भरवसा असतो."

बाबा म्हणाले, "उस्ताद सांगतात तसं कर." मी केलं. आठवडाभर परदेशातल्या लोकांना जे समजावते त्यातलं एक वाक्यही माझ्या घरात चाललं नाही.

मग ते दर रविवारी यायला लागले. तुमच्याही घरी असं कोणी येत असेल, तर तुम्हाला कळेल. काम कधीच संपलेलं असतं, तरी खुर्ची ठरलेली असते. दोघं शेजारी बसायचे. ॲपमधला आवाज पूर्ण ठेवायचा आणि कमी-जास्त ॲम्प्लिफायरवरच करायचं, हे त्यांनी बाबांना तीन रविवार शिकवलं. सगळ्या गाण्यांचा आवाज एकाच पातळीवर आणणारी सेटिंग त्यांनी ॲपमध्ये शोधून बंद केली. ती मला सापडली नव्हती. त्याचाही मला राग आला.

उस्ताद सारखे हळू आवाजात बोलायचे. "आता टाळ आले. डावीकडं." "हां, पेटीचा भाता ऐका." बाबा मान डोलवायचे. मी खोलीच्या दारात लॅपटॉप घेऊन बसायचे आणि ते दोघं मला बोलवतात का याची वाट बघायचे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

एका रविवारी मी परीक्षा घ्यायची ठरवली. ते यायच्या आधी ॲपमध्ये गाण्याची प्रत सगळ्यात खालची करून ठेवली. तसं केलं की बारीक आवाज मळके होतात, टाळ तर पत्र्यासारखे वाजतात. मनात म्हटलं, आज "बसला" म्हणाले की सगळ्यांसमोर सांगायचं.

भजन लागलं. बाबा म्हणाले, "वा. आज किती स्वच्छ येतंय."

उस्तादांनी भिंतीला हात लावला. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग हात काढला आणि म्हणाले, "साहेब, चहा सांगता का?"

बाबा आत गेले. उस्ताद माझ्याकडे वळले. "ॲपात कायतरी खाली केलंय तुमी."

मी मान खाली घातली. पण हरायचं नव्हतं. म्हणाले, "बाबांना तर चांगलं वाटलं."

"त्यांना कसं कळणार, बेटा? प्रेसशॉपमधे तीस वर्षं उभं राहिलेत ते. वरचे बारीक आवाज कधीच गेले. टाळ त्यांना येत न्हाईत." मग आत बघून म्हणाले, "मी शेजारी बसून सांगतो. सांगितलं की त्यांना आठवतं. आठवलं की येतं ऐकू. तुमाला ठाऊक आसंलच."

"हो," मी म्हणाले. "ठाऊक आहे."

मला ठाऊक नव्हतं. मोबाइल वाजला की बाबा उठत नाहीत, कुकरची शिट्टी मोजत नाहीत, याला मी त्यांचा स्वभाव समजत होते. एकाच घरात राहून मला जे दिसलं नाही ते आठवड्यातून दोन तास येणाऱ्या माणसाने ओळखलं होतं, आणि बाबांना कळू न देता त्यावर इलाजही केला होता. लाज वाटायला हवी होती. वाटली. पण त्याहून जास्त त्यांचा हेवा वाटला.

मी ॲप पूर्वीसारखं केलं. बाबा चहा घेऊन आले. उस्ताद खुर्चीत बसून म्हणाले, "हां साहेब, आता टाळ आले." बाबांनी मान डोलवली.

पुढे उस्तादांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि मुलगी त्यांना सोलापूरला घेऊन गेली. दुकान बंद झालं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मला वाटलं, खुर्ची रिकामी झाली. एक-दोन रविवार मी तिथे बसूनही पाहिलं. "बाबा, टाळ," म्हणाले. बाबा म्हणाले, "हं."

मग बाबांनी नवीन पद्धत काढली. रविवारी सोलापूरला फोन लावायचा आणि मी तो स्पीकरसमोर धरून उभं राहायचं.

गेल्या रविवारी बासरी लावली होती. माझा हात अवघडला होता. बाबा फोनकडे वाकून म्हणाले, "उस्ताद, कसं वाटतंय?"

"मला काय विचारता? पोरगी तिथं उभी हाय, तिला इचारा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, गाणं चालू असताना. मी घाईने कान दिला आणि जे ऐकू आलं ते सांगितलं. "आत्ता बासरीवाल्याने श्वास घेतला."

बाबांनी डोळे मिटले. मग फोनकडे तोंड करून विचारलं, "उस्ताद, ही म्हणते बासरीवाल्याने श्वास घेतला. घेतला का हो?"

इतका बारीक आवाज फोनवरून पलीकडे पोचतच नाही, हे आमच्या तिघांपैकी दोघांना माहीत होतं.

"घेतला, साहेब," ते म्हणाले. "चांगला लांब घेतला."