आऊट होऊन राहिलो

अंपायरने बोट वर करण्याआधीच मैदान सोडणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या ताईचा नवरा निघाला. दाजी मूळचे देवणीचे. शिकायला विलायतेला गेले आणि तिथल्या एका काउंटीकडून दोन उन्हाळे क्रिकेट खेळून परतले. ते दोन उन्हाळे त्यांच्या अंगातून पुढे कधी उतरलेच नाहीत. नांदेडच्या मे महिन्यातही फिरायला निघताना ते कमरेला स्वेटर बांधत. दुपारचे चार वाजले की असतील तिथे चहाला थांबत, मग समोर मंगलाष्टकं चालू का असेनात. कुठल्याही अंगणात शिरले की आधी वाकून, खेळपट्टी तपासावी तशी, अंगठ्याने माती दाबायची. त्यांच्या पुतण्यासाठी लातूरला मुलगी पाहायला गेलो, तिथेही तेच. मुलीच्या वडिलांनी काळजीने विचारलं, "पाव्हणे, काय बघून राहिलाव?" दाजी गंभीरपणे म्हणाले, "दुपारनंतर बॉल खाली राहील." तरीही स्थळ जमलं, हे मुलीकडच्यांचं मोठेपण.

आमच्याकडे 'बघून राहिलो' म्हणजे बघतोय आणि 'जेवून राहिलो' म्हणजे जेवतोय. पुण्याच्या एका पाहुण्याने "जेवून मग कुठे राहिलात?" असं विचारलं होतं. त्याला आम्ही बरेच दिवस हसलो. याच बोलीने पुढे दाजींचा घात केला.

अर्धापूरच्या स्पर्धेत अंपायर म्हणून मीच उभा होतो. दाजी रंगात होते. एक चेंडू बॅटजवळून गेला. कुणी अपील केलं नाही, मलाही काही ऐकू आलं नाही, आणि दाजी बॅट काखेत मारून निघाले. कप्तान केळीचा व्यापारी होता, तो धावत आडवा आला. "दाजी, कामून चाललाव? आंपायरनं देलंच न्हाई!"

"लागला बॅटला."

"आमाला आवाज न्हाई आला!"

"मला आला," दाजी म्हणाले आणि चालू लागले. सामना गेला. त्या कप्तानाने पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे केळी पाठवली नाहीत.

एका गोष्टीचं मात्र मला कायम कोडं होतं. काउंटीत दाजींनी एकच शतक केलं. त्या दिवशीचं इंग्रजी कात्रण ताईने चौकटीत बसवून बैठकीत टांगलं होतं. पाहुण्याला पाणी देण्याआधी ती चौकट दाखवायची, आणि दाजी लगेच उठून मोगऱ्याला पाणी घालायला जायचे. पावसाळ्यातसुद्धा. मी त्याला विनय समजत होतो.

गेल्या हिवाळ्यात देवणीकरांनी दाजींचा सत्कार ठेवला. त्याच शतकाचा सत्कार. ताईचे गुडघे धरले होते, म्हणून मी सोबत गेलो. फेटा झाला, शाल झाली, हलगी कडाडली. दाजी माइकसमोर उभे राहिले. "त्या दिवशी," ते म्हणाले, "बारा धावांवर मी आऊट होऊन राहिलो."

सूत्रसंचालकाने माइक ओढून घेतला. "ऐकलं का मंडळी? बारावरच आऊट होऊन राहिले होते, तरीबी शंभर काढले! वाजवा टाळ्या!"

"न्हाई, ऐका," दाजी म्हणाले. "लागला होता. मला माहीत होतं. अंपायरनं देलं न्हाई, अन् मी राहिलो…" पण हलगीपुढे ते मागे कुणालाच ऐकू गेलं नाही. मी पहिल्या रांगेत होतो. मला ऐकू आलं, आणि इतकी वर्षं मोगऱ्याला पाणी का पडत होतं तेही कळलं.

परतताना चार वाजले आणि दाजींनी एका टपरीवर गाडी थांबवायला लावली. फेटा अजून डोक्यावरच होता. चहाकडे न बघता त्यांनी विचारलं, "गावाला न्हाई समजलं. तुला तरी समजलं का रे?"

अर्धापूरला खिशातच राहिलेला उजवा हात मी हळूहळू वर केला आणि तर्जनी सरळ धरली.

दाजींनी त्या बोटाकडे नीट पाहिलं. मान हलवली. फेटा उतरवून काखेत घेतला आणि कडेच्या हरभऱ्याच्या शेतातून, बांधाबांधाने, मागे न बघता चालत निघाले. त्यांचा चहा निवत होता, पण मी हाक मारली नाही.