मस्कतला एकटी आलेली आई

शिरूरच्या स्टँडवर मुंबईची एसटी लागली तरी आईनं माझी बॅग सोडली नव्हती. मी मस्कतच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून निघाले होते.

"किती लांब हाय गं ते?"

"मुंबईहून विमानानं अडीच तास."

"म्हंजी दौंडाला मावशीकडं जायला लागतात तेवढंच की!" ती हसली आणि लगेच तोंडाला पदर लावला. आबांनी बॅग तिच्या हातातून सोडवली. "जय भीम, पोरी," म्हणाले, आणि गाडी हलली.

अडीच तास खरेच होते. पण दौंडाला मनात आलं की उठून जाता येतं. इथं मधे व्हिसा, रजा, तिकीट. तुमच्यातले जे असे लांब गेले, त्यांना हे सांगायला नको.

पुढं लग्न झालं. नवराही ओमानमध्येच, पण वाळवंटातल्या तेलाच्या साइटवर. महिना महिना येत नसे. मला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात माझं बीपी वाढलं. डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला आणि एकटं राहू नको म्हणून बजावलं. मी शिरूरच्या एसटीडी बूथवर फोन करून आईला बोलावून घेतलं. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "मी येते."

मागून आबा म्हणाले, "एकली? दौंडाच्या पलीकडं कवा गेलीस का?"

"मग आता जाते."

एअरपोर्टवर मला लिसी घेऊन गेली, माझ्याच वॉर्डातली केरळची नर्स. मुंबईचं विमान उतरलं. माणसं बाहेर आली, गर्दी पांगली. आई नाही. चुकली असेल? कुणी अडवलं असेल? तिला धड हिंदीसुद्धा येत नव्हती.

लिसी चौकशीला निघाली, तेवढ्यात दार उघडलं. आई ट्रॉली ढकलत आली. तिच्या दंडाला धरून एक कोवळी, रडून डोळे सुजलेली मुलगी. घरकामाला आलेली, आंध्राकडची.

"हिच्या कागदाचं कायतरी अडलं व्हतं," आई म्हणाली. "पोर थरथरत व्हती. तिला टाकून कशी येऊ? उभी राह्यले संगट."

मुलीला न्यायला आलेली बाई भेटली, तेव्हाच आईनं तिचा हात सोडला. मग माझ्याकडं बघितलं, पोटावर हात ठेवला. "वाळलीस गं," म्हणाली. मी तिथंच, सगळ्यांसमोर, पोटभर रडले. कित्येक दिवसांनी छाती हलकी झाली.

त्या दुपारी आईनं एसी बंद करायला लावला आणि स्वयंपाकघरात शिरली. पिठलं शिजत असताना नवऱ्याचा फोन आला. मस्कतमधल्या आमच्या या जागेला आम्ही दोघं कायम 'रूम' म्हणायचो. कामावरून रूमवर, रूमवरून कामावर.

"आई पोचली," मी त्याला सांगितलं. "सुट्टी मिळाली की तूही घरी ये."