नावं झाकून घेतलेली परीक्षा

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून घरी पोचल्या पोचल्या लिहितेय.

मी खोडाळ्यात बचतगटाचं काम बघते. शेतकऱ्यांसाठी दोनपैकी कुठला एआय सहायक घ्यायचा, ते ठरवायला आज जव्हारला बोलावलं होतं. शहरातून आलेल्या साहेबांनी दोन्ही ॲपची नावं कागदाने झाकली होती. "पक्षपात नको," म्हणाले. मला पटलं.

प्रश्न विचारायला मी सूर्यमाळच्या सोमीबाईंना नेलं होतं. त्यांनी स्वतःचंच दुखणं विचारलं. पेरणी झाली आणि पाऊस गेला, नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप पिवळं पडतंय, काय करू?

दोन्ही सहायकांनी एकच सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी द्या. त्यातला एक तर वर "काळजी करू नका, ताई" असंही म्हणाला.

सोमीबाई म्हणाल्या, "प्यायला पानी डोंगर उतरून आनतो आमी. रोपाला कुठशी घालू?"

"मावशी, तुमचं काम झालं," साहेब म्हणाले. "आता गुण मॅडम देतील."

फॉर्मवर भाषा, नम्रता आणि वेग असे रकाने होते. उत्तराचा उपयोग झाला का, हा रकानाच नव्हता. आणि मी? "ताई" म्हणणाऱ्याला जास्त गुण देऊन मुकाट्याने सही केली.

दोन मशिनांवर अन्याय होऊ नये म्हणून केवढी काळजी घेतली आम्ही!

परतताना जीपमध्ये सोमीबाईंनी विचारलं, "ताई, पास कोन झाला?"

तुम्ही काय सांगितलं असतं त्यांना?