बुधरीचं शाळेतलं नाव

सत्यशीलाबाई रागावली की बोलत नसे, भांडी घासत असे. शाळेला दहा वर्षं पुरी होणार होती त्या फेब्रुवारीत, म्हणजे शहाऐंशी साली, तिनं आश्रमशाळेचे सगळे भातावरणाचे गंज राखेनं असे घासले की बुडाची काजळीसुद्धा राहिली नाही. पोरं समजून गेली. त्या दिवशी कोणी दुसऱ्यांदा वरण मागितलं नाही.

कारण होतं वामनराव हेडमास्तरांची यादी. समारंभाला गडचिरोलीहून साहेब येणार होते, आणि त्यांना माजी विद्यार्थ्यांची माहिती वाचून दाखवायची होती. दहा वर्षांत चार हेडमास्तर बदलले, मास्तर तर किती आले नि बदली करून घेऊन पळाले त्याला गणतीच नाही. भामरागडच्या वाटेवरच्या त्या शाळेत पहिल्या दिवसापासून टिकली ती एकटी स्वयंपाकीण. नवरा चामोर्शीला धानाच्या बांधीत साप चावून गेला, त्याच वर्षी ती इथं आली आणि इथलीच झाली. तेव्हा पोरं कुठं गेली, काय करतात, हे तिच्याशिवाय सांगणार कोण? वामनरावांनी तिला ऑफिसात बोलावलं, खुर्चीसुद्धा दिली.

तिनं भरभरून सांगितलं. इसरू आलापल्लीला फॉरेस्ट गार्ड झाला. वामनरावांनी ते झरझर लिहून घेतलं. पत्रू दहावीला तीनदा बसला, तीनदा आपटला. आता त्याला ना नांगर धरता येतो ना कोणी नोकरी देतं. बापाच्या अंगणात दिवसभर बसून असतो आणि आठ वर्षं शाळेत राहून काय शिकलास असं बाप विचारतो. वामनरावांनी पेन खाली ठेवलं. इतवारी सातवी करून लग्न होऊन गेली. गावात आलेला सरकारी कागद तीच वाचून दाखवते, तिनं वाचल्याशिवाय आता तिथं कोणी अंगठा देत नाही. हे तर लिहायलाच पाहिजे, असं सत्यशीलाला वाटलं. वामनराव म्हणाले, बाई, नोकरीला लागलेले सांगा.

"नोकरी नाई त्याइचं जगणं जगणं नाई का, गुरुजी?" तिनं विचारलं.

वामनराव हसले. माणूस दुष्ट नव्हता, फक्त बदलीची वाट बघत होता. तिचं समाधान व्हावं म्हणून त्यांनी जुनं रजिस्टर काढलं आणि एकेक नाव वाचू लागले. असं वाचता वाचता ते म्हणाले, वनिता चैतू, शाळा सोडून गेली, सन ब्याऐंशी.

सत्यशीलाने रजिस्टर त्यांच्या हातातून ओढूनच घेतलं. चौथीपर्यंत ती शिकली होती. बापानं दीक्षा घेतल्यावर पहिलं काय केलं असेल तर पोरीच्या हातात पाटी दिली होती. तिनं बोट ठेवून वाचलं. शाळा सोडून गेली, असंच लिहिलं होतं. पानाला टाचणी लावून एक चिठ्ठी होती, गेली तशी परत आलेली. कुमारी वनिता हिचे तापाने निधन झाले असे पालकांस कळविणे. खाली गावच्या पाटलाचा शेरा होता, या नावाची मुलगी गावात नाही.

आणि कुठून असणार? वनिता हे नाव तिच्या आईबापानं ठेवलंच नव्हतं. तिकडच्या गावांत पोर ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव घेतं. ती पहिलीत आली त्या साली वर्गात तीन बुधऱ्या होत्या. हजेरी घेताना तिघी एकदम ओ द्यायच्या, म्हणून मास्तरांनी एक बुधरी ठेवली, एकीची सुनंदा केली, एकीची वनिता. गणवेश वाटावा तशी नावं वाटली. सत्यशीला तेव्हा त्या मास्तरांवर हसली होती, आणि महिन्याभरात स्वतःच जेवायच्या ओळीत वनिता, पुढं सरक, असं ओरडू लागली होती. हा राग तिच्या पोटात सगळ्यात खाली होता.

ब्याऐंशीच्या भादव्यात वनिता तापानं पडली. नद्या फुगलेल्या, वाट बंद, दवाखाना पलीकडे. चौथ्या दिवशी थोडी उघाड मिळाली तसा एक माणूस डोंग्यातून नदी ओलांडून फाटकाशी आला. नवं धान खायचा सण, पंडुम होता, त्यासाठी लेकीला न्यायला आला होता. पंधरा दिवसांपूर्वी आलेल्या अधीक्षकानं रजिस्टर चाळलं, बुधरी सापडली नाही, म्हणून त्यानं तिथूनच स्वयंपाकघराकडे ओरडून विचारलं, बुधरी नावाची कोणी आहे का. सत्यशीला भाताचं आधण बघत होती. बुधरी म्हणजे बुधरी, जी चौथी पास होऊन घरी गेली ती. मान वर न करता तिनं सांगितलं, बुधरी नाई आता, गेली. माणूस थोडा वेळ उभा राहिला. पॅन्टवाल्याशी हुज्जत घालायची त्याच्या सात पिढ्यांना सवय नव्हती. तो गेला. पोरगी चाळीस पावलांवर चटईवर पडली होती.

तो गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी ती वारली. अधीक्षकानं बापाचं नाव आणि गाव वाचून दाखवलं तेव्हा सत्यशीलाला कळलं, आपण कोणाला नाही म्हटलं ते. फाटकातल्या माणसानं तेच गाव सांगितलं होतं, असं अधीक्षकच म्हणाला. तिनं त्या पोरीला न्हाऊ घातलं, मागच्या पडीक जागेत पुरताना शेवटची माती लोटली आणि अधीक्षकाला बजावलं, निरोपात बुधरी लिहा. हो हो म्हणाला मेला. बाप परत कधी आला नाही, तेव्हा तिला वाटलं की निरोप पोचला आणि तो शाळेवर थुंकून बसला. त्याच्यासमोर जायची तिची छाती झाली नाही. चार वर्षं.

"यादीत घाला तिले," ती वामनरावांना म्हणाली. "बुधरी चैतू. शाळेत मेली. असंच वाचा साहेबासमोर."

वामनरावांनी समजावलं. आपल्या वेळची गोष्ट नाही, कागद जे सांगतो तेच वाचावं लागतं, आणि आनंदाच्या दिवशी असलं कशाला. ती उठली आणि गंज घासायला गेली.

समारंभाच्या दिवशी पहाटे पोरांसाठी तिनं भात टाकला, वरण केलं, झाकून ठेवलं. साहेबांच्या पुरीभाजीची चूल तिनं पेटवलीच नाही. कणीक, बटाटे, तेल ओळीनं मांडून ठेवलं आणि चालायला लागली. पुढं वामनरावांना स्वतः पुऱ्या लाटाव्या लागल्या म्हणतात. लाटू देत.

नदीत गुडघ्याएवढंच पाणी होतं. दुपारी ती आठ घरांच्या त्या गावात पोचली. चैतू अंगणात मोहाफुलांसाठी टोपली विणत होता. तिच्या मोडक्या माडियात आणि त्याच्या मोडक्या मराठीत बोलणं झालं. त्याला वाटत होतं पोरीला चामोर्शीकडच्या मोठ्या शाळेत नेलं. वाटेत भेटलेला कोणी मास्तर तसं म्हणाला होता. दोन वर्षं तो चामोर्शीच्या बाजारात जाऊन गणवेशातल्या पोरींची तोंडं बघत उभा राहायचा, लोक हाकलून देईपर्यंत.

सत्यशीलाने काही लपवलं नाही. ताप सांगितला, चटई सांगितली, चाळीस पावलं सांगितली. मग म्हणाली, "नाई म्हणणारी मीच होती, भाऊ. अंदरून आवाज आला, तो माहा."

तिला वाटलं होतं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढं मरेपर्यंत वाटत राहिलं. चैतूनं टोपली बाजूला ठेवली. आमच्यात मेल्या माणसाचा दगड उभा करतात, तो म्हणाला, बुधरीचा केला नाही, जित्या पोरीचा कसा करणार. मग त्यानं विचारलं, "त्या दुसऱ्या नावानं हाक मारली, तं ते ओ देत होती का?"

पहिल्या वर्षी नव्हती देत, सत्यशीला म्हणाली. मग देऊ लागली. शेवटी तर त्याच नावानं.

"मंग मले ते नाव शिकव," चैतू म्हणाला. "दगडापाशी हाक मारा लागते. माह्या नावानं नाई आली तं?"

सत्यशीलाने नाव सांगितलं. त्यानं म्हणून बघितलं आणि अजून एकदा सांग म्हणाला. तिनं पुन्हा सांगितलं.