दहावं नाव

समिना मणेर मॅडम मूळच्या निरवांगीच्या. वडील फारुकभाई आठवडे बाजारात बांगड्या विकायचे, आणि पोरगी शिकली काय, तर ग्रीक! आधी तिकडच्या जुन्या वैद्यांचे ग्रंथ, मग तत्त्वज्ञान, शेवटी पहिल्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी त्या वैद्यांकडून काय उचललं, यावर डॉक्टरेट. गावानं 'डॉक्टर' एवढंच ऐकलं आणि बीपी मोजायला दारात रांग लावली. धन्य ते गाव!

आमच्या कॉलेजात एकवीस वर्षं त्या तत्त्वज्ञान शिकवत होत्या. मी ऑफिसातला क्लार्क, सोपान. तपासणी समिती येणार म्हटलं की संस्थेला त्यांची आठवण यायची. त्यांची पुस्तकं पुसून टेबलावर मांडायची, समितीची गाडी फाटकाबाहेर पडली की पुन्हा कपाटात कोंबायची. मांडणारा मीच, कोंबणाराही मीच. एकदा अध्यक्ष हिंदुरावांनी शाल घालून वर अक्कल पाजळली, "मॅडमनी औषधावर लई मोठं काम केलंय. आता एखादी गोळी बी निघू द्या!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

यंदा फर्मान निघालं, दहा विद्यार्थी आले नाहीत तर विषय बंद. बारावीचा निकाल लागला की आमचे प्राध्यापक प्रवेशासाठी दारोदार फिरतातच. मॅडमही स्कूटीवरून उन्हातान्हात फिरल्या. पणदऱ्यात मानसिंगरावांनी चहा पाजला, स्वतःची शुगर सांगितली आणि विचारलं, "ह्ये शिकून पोरगं करणार काय?"

"विचार करायला शिकेल."

"मग ऱ्हाऊ द्या. थोरला हाय की विचार करणारा. दिसभर पारावर बसतोय."

तरी नऊ जमले. दहावं नाव माझ्या पोरीचं, रेश्माचं. दोन वर्षं ती मॅडमच्या घरी जाऊन वाचत बसायची. अर्ज तिनं आपल्या हातानं भरला होता, आणि तो आला माझ्याच टेबलावर. गावाच्या अकलेवर दात काढणाऱ्या या शहाण्यानं तो फाडला आणि पोरीला नर्सिंगला घातलं. चार लोकांत सांगता येईल असं काहीतरी शिकायला नको?

विषय बंद झाला. मॅडम पुस्तकं न्यायला आल्या, खोकी मीच बांधली. मान वर करायची लाज वाटत होती. तरी म्हणालो, "पोरीच्या भल्यासाठीच केलं, मॅडम."

त्यांनी सुतळीची गाठ ओढून पाहिली. "सोपानराव, रेश्माला विचारलं होतंत का?"

नव्हतं विचारलं.