गमछ्याची ऊब

माझा उजवा डोळा आधीच कामातून गेला होता. डावाही त्याच वाटेवर. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होत शंकूसारखा पुढे आला होता, आणि चष्मा, लेन्स, कशालाच दाद देत नव्हता. सांवेर रोडच्या कारखान्यात मी सुटे भाग तपासायचो. डोळा गेला की नोकरी गेली, आणि बाबांची कापडमिल बंद पडल्यापासून घरात कमावता मी एकटाच.

तुकोगंजच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्याच्या पडद्याचे वरचे थर काढून कुणीतरी मरणोत्तर दान केलेले बसवू. सर्वांत आतला पापुद्रा तुझाच ठेवू, म्हणजे शरीर त्याला परकं समजून झिडकारणार नाही. ऑपरेशन छान झालं. पट्टी काढल्यावर काही दिवसांनी आईच्या कपाळावरच्या सुरकुत्या दिसल्या. ती इतकी म्हातारी कधी झाली, कळलंच नव्हतं.

डोळ्याला हात लावायचा नाही, हे डॉक्टरांनी मला दहादा बजावलं. बाबांना कुणीच बजावलं नाही. मिलमध्ये मागावर काम करताना डोळ्यात कापसाचे तंतू गेले की शेजारचा कामगार खांद्यावरच्या गमछ्याचा बोळा करायचा, त्यावर तोंडाची वाफ द्यायचा आणि डोळ्यावर दाबायचा. बाबांनी उभ्या जन्मात कितीजणांचे डोळे असे शेकले असतील. एका दुपारी टाके टोचत होते, मी कळवळत होतो. त्यांनी डोळ्याला धक्का लागू नये म्हणून लावलेली प्लास्टिकची वाटी काढली आणि गमछा दाबला. मला बरं वाटलं, म्हणून पुढेही ते शेकत राहिले.

टाका सैल झाला, तिथून जंतू शिरले आणि नवा पडदा पांढरा पडला. डोळ्याला काय केलं, असं डॉक्टरांनी विचारलं. बाबा शेजारीच उभे होते. झोपेत चोळला असेल, मी म्हणालो.

आई सोबत होती. सुदामा नगरला घरी परतताना टेम्पोत बाबा म्हणाले, "झूठ कशाला बोललास? डॉक्टरजींनी मला चार शिव्या दिल्या असत्या, तर मन हलकं झालं असतं. अब मैं किसको बोलूं?"

मला त्यांचा राग आला होता, भयंकर राग.

उतरताना त्यांनी आधारासाठी हात पुढे केला होता, हे आईनं नंतर सांगितलं. मला तो दिसलाच नव्हता. बाबांना वाटलं, मी मुद्दाम धरला नाही.